घरच्या दिवाणखान्यात कॉन्ट्रा डान्स: कॉलिंगच्या सरावासाठी छोटे मेळावे

धागाकर्ती: सांजपाऊस (बॉस्टन परिसर)

नमस्कार मंडळी,

न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी काही जण कॉनकॉर्डच्या स्काउट हाऊसमध्ये किंवा ग्रीनफिल्डच्या गाइडिंग स्टार ग्रेंजमध्ये कॉन्ट्रा डान्सला आवडीने जातात, हे मला ठाऊक आहे. काही काळ नाचल्यावर त्यांतल्या काहींना कॉलिंग, म्हणजे नाचणाऱ्यांना हालचालींच्या सूचना देणे, शिकावेसे वाटते आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते. कॉलिंग शिकायचे तर समोर नाचणारी माणसे लागतात आणि भरलेल्या सभागृहासमोर नवख्या माणसाला संपूर्ण संध्याकाळ कोणी सोपवत नाही. काही ठिकाणी होतकरू कॉलरांना एखाद्या नाचापुरती संधी मिळते, पण तेवढ्याने हात बसत नाही. माझे ठाम मत असे आहे की यावरचा उपाय आपल्या घरातच आहे: आठ-दहा ओळखीची माणसे, मोकळा केलेला दिवाणखाना आणि दोन तास. आम्ही असे मेळावे हिवाळ्यात आलटून पालटून मित्रमंडळींच्या घरी करतो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते.

ज्यांना हा नाच अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जोड्या दोन समोरासमोरच्या लांब रांगांत उभ्या राहतात. दोन-दोन जोड्यांचा, म्हणजे चार जणांचा एक गट होतो आणि ६४ मात्रांची एक रचना तो गट नाचतो. रचना संपली की प्रत्येक जोडी रांगेत एक जागा पुढे सरकते आणि नव्या शेजाऱ्यांबरोबर तीच रचना पुन्हा सुरू होते. सोबतची धून बहुधा ३२ बारची (एक बार म्हणजे दोन मात्रा) असते. तिचे ए-वन, ए-टू, बी-वन आणि बी-टू असे १६ मात्रांचे चार भाग पडतात. कॉलर आधी संगीताशिवाय रचना चालवून दाखवतो, याला वॉक-थ्रू म्हणतात, आणि मग संगीत सुरू झाल्यावर प्रत्येक हालचालीची सूचना ती हालचाल सुरू होण्याच्या आधी देतो. जोडीतल्या दोन भूमिकांना पूर्वी जेंट्स आणि लेडीज म्हणत असत. आता बहुतेक ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात, आणि कोणीही कोणतीही भूमिका घेऊ शकते.

घरात नाचणे ही काही आमची नवी कल्पना नाही. इंग्लंडमधले हे नाच जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापले. पुढे ते अमेरिकेत आले, आणि शहरांतली फॅशन बदलल्यावरही न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटच्या खेड्यांत ते टिकून राहिले. तिथल्या शेतघरांमध्ये हिवाळ्याच्या रात्री स्वयंपाकघरातले सामान बाहेर काढून नाच होत असे. त्याला किचन जंकेट म्हणत, आणि जागा वाचवण्यासाठी फिडलवादकाला भांडी धुण्याच्या मोरीत बसवत असत, असे जुने लोक आवर्जून सांगतात. न्यू हॅम्पशायरचे नामांकित कॉलर राल्फ पेज (१९०३–१९८५) याच वातावरणातून पुढे आले. तेव्हा दिवाणखान्यात कॉलिंग शिकणे म्हणजे या नाचाच्या मूळ घरीच परत जाणे आहे.

आता मुख्य मुद्दा: माणसे किती बोलवावीत? सभागृहातली रचना जशीच्या तशी घरात आणली की ती फसते, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. चार जोड्यांची रांग घ्या. पहिल्या आवर्तनात दोन गट होतात आणि आठही जण नाचतात. सगळे एक जागा सरकले की वरच्या टोकाची एक आणि खालच्या टोकाची एक अशा दोन जोड्या रिकाम्या राहतात आणि मधले चौघेच नाचतात. तिसऱ्या आवर्तनात पुन्हा सगळे, चौथ्यात पुन्हा निम्मे. म्हणजे अर्धी मंडळी दर दुसऱ्या वेळी भिंतीला टेकून उभी राहतात. पाच जोड्या असतील तर मात्र प्रत्येक वेळी दोन गट नाचतात आणि एकच जोडी दम खाते. घरासाठी दहा नाचणारे आणि एक कॉलर ही संख्या मला सर्वांत सोयीची वाटते. आठच जण आले तर मी चार जोड्यांचा चौकोन, म्हणजे स्क्वेअर, लावते. सहाच आले तर ट्रिपलेट, म्हणजे तीन जोड्यांचे नाच, हाताशी असतात. बॉस्टन परिसरातील कॉलर टेड सॅनेला यांनी अशा अनेक ट्रिपलेट रचून ठेवल्या आहेत. ऐनवेळी कोणाची मुले आजारी पडतात, कोणी बर्फात अडकते. म्हणून सहा, आठ आणि दहा जणांसाठीच्या रचनांची कार्डे आधीच वेगळी काढून ठेवावीत.

नमुन्यादाखल नवशिक्यांनाही जमेल अशी एक रचना देते. ए-वन: शेजाऱ्याबरोबर बॅलन्स (हात धरून तालावर पुढे-मागे पाऊल) आणि स्विंग (एकमेकांना धरून जागच्या जागी वेगाने गोल फिरणे), ४ आणि १२ मात्रा. ए-टू: चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण वर्तुळ, ८ मात्रा, आणि जोडीदाराबरोबर डोसीडो (पाठीला पाठ ठेवून एकमेकांभोवती फिरणे), ८ मात्रा. बी-वन: जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग. बी-टू: लांब रांगांनी पुढे येऊन मागे जाणे, ८ मात्रा, मग पुन्हा डावीकडे पाऊण वर्तुळ, आणि समोरच्याच्या उजव्या खांद्याजवळून पार होऊन नव्या शेजाऱ्यापुढे. यात चेन (दोन्ही रॉबिननी मधून पार होऊन बाजू बदलणे) नाही, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण नव्या माणसांचा वॉक-थ्रूमधला सर्वाधिक वेळ चेनच्या शेवटी येणाऱ्या कर्टसी टर्नमध्ये, म्हणजे दोघांनी शेजारी राहून एकत्र वळण्यात, जातो.

या रचनेत कॉलरने काय करायचे ते पाहा. ए-वनमधला स्विंग सोळाव्या मात्रेला संपतो आणि पुढच्या मात्रेवर चौघांचे हात एकमेकांत असायला हवेत. म्हणून "सर्कल लेफ्ट, थ्री क्वार्टर्स" हे शब्द तेराव्या ते सोळाव्या मात्रेत बोलून संपले पाहिजेत. सूचना पहिल्या मात्रेवर दिली, तर नाचणाऱ्याच्या कानात ती पोचून पाय हलेपर्यंत दोन मात्रा निघून जातात आणि पाऊण वर्तुळ अर्ध्यावरच राहते. कागदावर ही गोष्ट दहा वेळा वाचली तरी अंगात मुरत नाही. समोर चार माणसे अडखळली की ती एकदाच दिसते आणि कायमची लक्षात राहते.

जागेविषयी दोन शब्द. बारा फूट बाय सोळा-अठरा फुटांच्या खोलीत आठ-दहा जण नाचू शकतात, मात्र गालिचा गुंडाळून ठेवावा, कोपऱ्यांतले उभे दिवे दुसऱ्या खोलीत न्यावेत आणि कॉफी टेबल तर आधी हलवावे. नुसत्या मोज्यांनी लाकडी जमिनीवर स्विंग करणे धोक्याचे असते, म्हणून आम्ही पाहुण्यांना मऊ तळाचे स्वच्छ बूट आणायला सांगतो. खाली कोणी राहत असेल तर त्यांना आधी विचारावे. बॅलन्सच्या वेळी सगळे एकाच मात्रेवर पाय आपटतात आणि तो आवाज छताखाली किती घुमतो, याची वर नाचणाऱ्याला कल्पना नसते.

आपले अनुभव आणि शंका अवश्य लिहाव्यात.

---

प्रतिसाद: तीनताल (न्यू जर्सी)

धागा फार आवडला. मी तबला शिकतो आणि हौस म्हणून प्रिन्सटनला कॉन्ट्रा नाचायला जातो. १६ मात्रांचा एक भाग म्हणजे माझ्यासाठी तीनतालाचे एक आवर्तनच आहे. मुखडा समेच्या आधी उचलावा लागतो तसेच तुम्ही सांगितलेले ते तेराव्या मात्रेपासूनचे कॉलिंग मला वाटले. माझा प्रश्न सरावाच्या आधीच्या सरावाविषयी आहे. पाहुणे येण्यापूर्वी एकट्याने काय करता येते? रचना डोक्यात पक्की आहे की नाही, हे माणसांशिवाय कसे तपासायचे?

सांजपाऊस

समेची उपमा अगदी चपखल आहे. एकट्याने करण्यासारखे पुष्कळ आहे. इथले बरेच कॉलर जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या सरकवून रचना तपासतात. मी कॅरमच्या सोंगट्या वापरते. काळ्या सोंगट्या लार्क, पांढऱ्या रॉबिन, आणि प्रत्येकीवर खडूने जोडीचा क्रमांक. स्विंग संपल्यावर रॉबिन उजवीकडे ठेवायची हा एक नियम पाळला की सोंगट्या बरोबर जागी पोचतात की नाही हे लगेच कळते. वर दिलेल्या रचनेत दुसऱ्या पाऊण वर्तुळानंतर चौघेही मूळ जागी परत येतात आणि पार होण्याच्या हालचालीमुळेच पुढे सरकतात, हे सोंगट्यांवर करून पाहावे. हे एकदा उमजले की वॉक-थ्रूमध्ये नाचणाऱ्यांना "आता तुम्ही जिथून निघालात तिथेच आहात" असे आत्मविश्वासाने सांगता येते आणि घाबरलेली माणसे एकदम सैल होतात.

त्यानंतर धून लावून नुसत्या सूचना मोठ्याने म्हणाव्यात. मिनिटाला साधारण ११६ मात्रांच्या गतीत एक आवर्तन ३३ सेकंदांच्या आसपास होते. गाडी चालवताना हा सराव उत्तम होतो. फक्त सोंगट्या अडखळत नाहीत, गोंधळून तुमच्याकडे पाहत नाहीत आणि चुकीच्या बाजूला वळत नाहीत. ते काम माणसांचेच.

---

प्रतिसाद: कातळफूल (पश्चिम मॅसॅच्युसेट्स)

मी बरीच वर्षे नाचते आहे, कॉलिंग करीत नाही. धाग्याचे स्वागत आहे, परंतु एका गोष्टीविषयी मला मनापासून आक्षेप नोंदवावासा वाटतो. नवखा कॉलर आणि नवखे नाचणारे एकत्र आले, तर दोघांचेही हाल होतात. ज्या माणसाची कॉन्ट्राशी ही पहिली भेट आहे, त्याला चांगल्या हातांत हा नाच कळायला हवा. कोणाच्या तरी सरावासाठी त्याला दोन तास उभे केले आणि तो कंटाळून गेला, तर तो पुन्हा कोणत्याही सभागृहाची पायरी चढणार नाही. माझ्या मते अशा मेळाव्यात निदान दोन-तृतीयांश माणसे मुरलेली असावीत. शिवाय निमंत्रणातच हा सरावाचा मेळावा आहे हे स्वच्छ सांगावे.

सांजपाऊस

कातळफूल, निमंत्रणाविषयीचे तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आम्ही तसे स्पष्ट लिहितो, आणि त्यामुळे येणारी माणसेही मदतीच्या भावनेने येतात.

प्रमाणाविषयी मात्र माझे मत थोडे निराळे आहे. मुरलेले नाचणारे कॉलरची चूक झाकतात. सूचना दोन मात्रा उशिरा आली तरी त्यांना धुनेवरून आणि समोरच्याच्या खांद्यावरून पुढचे कळते आणि ते बरोबर ठिकाणी पोचतात. उभ्या असलेल्या कॉलरला वाटते की आपले सगळे जमले. खोलीत सगळेच मुरलेले असतील तर कॉलरला आपल्या सूचनेविषयी खरे काहीच शिकायला मिळत नाही. नवी माणसे मात्र जे ऐकले तेच करतात. "अलेमांड लेफ्ट" (डावा हात धरून एकमेकांभोवती फिरणे) म्हणताना कॉलरने डावा हात आधी सांगितला की नंतर, "दीड वेळा" हे शब्द वेळेवर आले की नाही, हे त्यांच्या पावलांत जसेच्या तसे उमटते. दहांत तीन-चार नवे असावेत, आणि नव्याचा जोडीदार शक्यतो जुना असावा, एवढे पथ्य आम्ही पाळतो.

कंटाळ्याचा तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि त्यावरचा उपाय वॉक-थ्रूची लांबी हाच आहे. घरात कॉलरला समजावून सांगण्याचा मोह फार होतो, कारण सगळे ओळखीचे असतात आणि कोणी घाई करीत नाही. पण माणसे नाचायला आलेली असतात. वॉक-थ्रू तीन-चार मिनिटांत आटोपत नसेल, तर ती रचना त्या खोलीसाठी अवघड आहे असे समजून कार्ड बाजूला ठेवावे आणि सोपे काढावे.

कातळफूल

मुरलेली माणसे चुका झाकतात, हे खरे आहे. मी स्वतः तेच करते आणि तो नाचणाऱ्याचा धर्म आहे असे मानत आले आहे. सरावाच्या मेळाव्यात मुद्दाम तसे न करण्याची विनंती कॉलरने जुन्या मंडळींना करावी, म्हणजे सूचना येईपर्यंत थांबावे. आम्हाला ते जड जाईल, पण करता येईल.

सांजपाऊस

ही सूचना मी पुढच्या मेळाव्यात नक्की अमलात आणणार आहे. मनःपूर्वक आभार.

---

प्रतिसाद: बेएरियाकर

आमच्याकडे कॅलिफोर्नियातही पालो आल्टो, बर्कली इथे कॉन्ट्रा आहे आणि आम्ही काही मित्र घरी नाचतो. संगीताविषयी थोडे लिहितो, कारण तो भाग धाग्यात आलेला नाही. ध्वनिमुद्रित धून सोपी पडते, परंतु तिच्यात दोन अडचणी असतात. एक, बऱ्याच ध्वनिमुद्रणांत धून तीन-चारदाच वाजते आणि मध्येच दुसरी धून सुरू होते. नाचासाठी निदान आठ-नऊ आवर्तने सलग हवीत, म्हणजे साधारण पाच मिनिटे. दोन, मध्ये एखादी धून ३२ बारची नसते, आणि मग कॉलर व नाचणारे सगळेच वाटेत सुटतात. आधी बोटांवर मोजून खात्री करून घ्यावी आणि कार्डावर आवर्तनांची संख्या लिहून ठेवावी.

जमत असेल तर एक फिडल आणि एक पियानो किंवा गिटार बोलवावे. वादकांसोबत काम करणे हे कॉलिंगचे निम्मे शिक्षण आहे. सुरू कोणत्या गतीत करायचे, चार मात्रांची सुरुवात कशी मागायची, शेवट जवळ आला हे नाच न थांबवता कसे कळवायचे, हे ध्वनिमुद्रणासमोर शिकता येत नाही. वादन शिकणाऱ्यांनाही अशा संधी हव्या असतात, त्यामुळे गरज दोन्हीकडची असते.

सांजपाऊस

अतिशय उपयुक्त प्रतिसाद. यात एकच भर घालते. प्रत्येक आवर्तनात सगळ्या सूचना द्यायच्या नसतात. पहिली तीन आवर्तने पूर्ण सूचना, मग प्रत्येक सूचनेचा एकच शब्द, मग पूर्ण मौन, आणि शेवटच्या आवर्तनाला पुन्हा थोडी साथ, असा आमचा क्रम असतो. गप्प राहण्याचा सराव बोलण्याच्या सरावाइतकाच आवश्यक आहे, आणि तो ध्वनिमुद्रणावरही होतो. गप्प असतानाही ओठांआड पुढची सूचना वेळेवर म्हणत राहावे. रांगेच्या टोकाला कोणी चुकले, तर त्याच क्षणी नेमक्या मात्रेवर परत आवाज देता आला पाहिजे. पाच जोड्यांच्या रांगेत बहुतेक घोळ तिथेच होतो, कारण रिकाम्या राहिलेल्या जोडीने थांबलेल्या वेळात आपसांत जागा बदलायची असते आणि गप्पांच्या नादात ती विसरते.

---

प्रतिसाद: शांत_नदी (कनेटिकट)

माझे आई-बाबा सध्या सहा महिन्यांसाठी इथे आले आहेत. दोघांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. घरात दहा माणसे नाचत असताना त्यांनी नुसते सोफ्यावर बसून पाहावे, हे मला बरे वाटत नाही. त्यांना सामावून घेता येईल का? आणि सूचना मराठीत दिल्या तर चालतील का?

सांजपाऊस

जरूर सामावून घेता येईल. ज्येष्ठांना त्रास होतो तो मुख्यतः स्विंगचा, कारण एकाच जागी वेगाने गोल फिरल्याने चक्कर येते. तिथे दोन्ही हात धरून चालत एकदा फिरावे. १२ मात्रांत ते निवांत होते आणि शेवटी रॉबिन उजवीकडे असली की रचनेला काहीही बाधा येत नाही. गटातल्या इतरांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे उत्साहाच्या भरात कोणी काकूंना गरकन फिरवणार नाही. पहिला नाच मोठ्या वर्तुळाचा ठेवावा. त्यात सगळ्यांचे हात एकमेकांत असतात आणि कोणीही चुकीच्या जागी पोचत नाही. बाबांना नाचायचे नसेल तर त्यांना आवर्तने मोजण्याचे काम द्या. पाच मिनिटांचा नाच सुरू असताना कॉलरचा हिशेब हमखास सुटतो आणि बाजूला बसून बोटे दाखवणारे माणूस फार मोलाचे ठरते.

वॉक-थ्रू मराठीत समजावायला काहीच हरकत नाही. मात्र चालत्या संगीतातल्या सूचना मी इंग्रजीतच ठेवते, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत सगळेच मराठी नसतात, आणि जे आहेत त्यांनी उद्या कॉनकॉर्डला गेल्यावर "लाँग लाइन्स" ऐकताच पाय उचलावा अशी माझी इच्छा असते.

---

प्रतिसाद: तीनताल

शेवटचा प्रश्न. कॉलरही एकच आणि नाचणारे नऊ, अशी वेळ आली तर काय करावे? एका माणसाला बसवणे बरे वाटत नाही.

सांजपाऊस

नऊ जण असतील तर कॉलरने दहावे होऊन नाचता नाचता कॉलिंग करावे, असे बरेच जण सुचवतात. नवख्याने ते टाळावे. स्विंग करताना रांगेची दोन्ही टोके दिसत नाहीत, श्वास लागलेला असतो, आणि ज्या गोष्टी पाहायला शिकण्यासाठी हा मेळावा मांडला त्याच डोळ्यांआड जातात. त्याऐवजी नवव्या माणसाला कॉलरच्या शेजारी उभे करावे, हातात कार्ड द्यावे आणि कोणती सूचना उशिरा गेली तेवढीच खूण पेन्सिलीने करायला सांगावी. दर नाचाला हे माणूस बदलावे. आमच्या मंडळींत कॉलिंग शिकायला पुढे आलेल्यांपैकी दोघींची सुरुवात याच कामातून झाली. पुढचा मेळावा आमच्याकडे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी मला निरोप पाठवावा आणि लार्क, रॉबिन की दोन्ही, हे त्यात लिहावे.